ट्रंकेच्या झाकणावरची यादी

‘घर आवरण्याच्या दहा सोप्या टिप्स’ असा एखादा लेख तुम्ही मोबाइलवर कधी वाचला असेल, तर तो मी लिहिलेला असण्याची बरीच शक्यता आहे. कंटेंट रायटरचं कामच ते. सकाळी सोफा, दुपारी दंतमंजन, संध्याकाळी घर आवरणं. बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा शेक्सपिअरवर काहीतरी लिहीन असं वाटलं होतं. लिहिलं काय, तर ‘नको असलेल्या वस्तूंना निरोप कसा द्याल’. असे निदान वीस लेख मी लिहिले, आणि तेही अशा घरात बसून, ज्याच्या माळ्यावर चढायचं धाडस गेल्या दहा वर्षांत कुणी केलं नव्हतं.

मग गेल्या जूनमध्ये आमच्यावरच घर बदलायची वेळ आली.

आम्ही मूळचे बेळगावचे. बाबांच्या नोकरीमुळे २००३ मध्ये म्हैसूरला आलो, मी तेव्हा चार वर्षांची होते. चामराजपुरममध्ये एक जुनं घर ‘लीज’वर घेतलं. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा प्रकार कदाचित नवा असेल. इकडे घरमालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं द्यायचं नाही, आणि घर सोडताना तीच रक्कम परत घ्यायची. कन्नडमध्ये याला ‘भोग्य’ म्हणतात. ऐकायला फार छान वाटतं. पण वीसेक वर्षांनी हातात परत आलेल्या त्या पैशांत त्याच गल्लीत एक खोलीही येत नाही, हे घर सोडतानाच कळतं. मधूनमधून आम्ही रकमेत भर घालत होतो, तरीही. मालकांच्या मुलांनी घर बिल्डरला दिलं, बाबा त्याच वर्षी रिटायर झाले. लीजचे पैसे आणि प्रॉव्हिडंट फंड एकत्र करून बोगादीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट घेतला. माणसं चार: आजी, आई, बाबा आणि मी. दादा पुण्याला असतो, पण त्याचं सामान मात्र आमच्याकडे असतं. (तुमच्याकडेही असंच आहे ना?)

जुन्या घराला पुढे व्हरांडा होता, मागे परस, आत लाल गुळगुळीत जमीन आणि स्वयंपाकघरावर अख्ख्या खोलीएवढा माळा. म्हैसूरच्या या जुन्या भागांत अशी ऐसपैस घरं बरीच दिसतात, त्यामागेही कारण आहे. १८९८ मध्ये इथे प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती मोकळी करायला हवी हे सरकारच्या लक्षात आलं आणि १९०३ मध्ये शहर सुधारणेसाठी वेगळं ट्रस्ट बोर्ड स्थापन झालं. रुंद रस्ते, आखून दिलेले प्लॉट, घराभोवती मोकळी जागा, हे सगळं त्या काळच्या विचारातून आलेलं. त्या मोकळ्या जागेत सव्वाशे वर्षांनी आमचे बहात्तर स्टीलचे पेले, तीन सोऱ्ये आणि दादाची तुटकी सायकल येऊन बसली होती.

नव्या फ्लॅटचा कागदावरचा आकार ६१० स्क्वेअर फूट. एजंटने सांगितलेला आकडा सुपर बिल्ट-अपचा होता. म्हणजे जिना, लिफ्ट, भिंती सगळं धरून. सतरंजी टाकता येते ती जागा कार्पेट एरियाची. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या स्पष्ट दिलेली आहे, पण जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात अजून तोंडी आकडा मोठाच सांगितला जातो. मी आणि आई टेप घेऊन गेलो आणि मोजलं, तर जेमतेम ४७०. म्हणून माझी पहिली विनंती: सामान कमी करायला बसण्याआधी नवं घर स्वतः मोजा. खोल्या तर मोजाच, पण लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळणही मोजा. आजीचं शिसवी कपाट सात फुटी. त्याचं काय करायचं यावर आमच्याकडे आठवडाभर खल झाला. शेवटी कळलं की ते लिफ्टमध्येही जात नाही आणि वळणावरही फिरत नाही. वाद तिथेच मिटला. कधीकधी टेपच माणसांपेक्षा शहाणी निघते.

स्वयंपाकघराचं मी थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माहीतच आहे. त्या बहात्तर पेल्यांतले बारा ठेवले. तांब्याचा बंब बेळगावच्या आत्याने नेला, तिच्याकडे अंगण आहे. मागच्या परसातला दगडी रगडा जागेवरून हलेना, तो तिथेच राहिला. असले रगडे, जाती, लाकडी मापं बघायची असतील तर म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री आवारातल्या लोककला संग्रहालयात जा. ते आहे जयलक्ष्मी विलास या राजवाड्यात, १९०५ च्या सुमाराचा वाडा, राजकन्येसाठी बांधलेला. गोरगरिबांच्या घरातल्या वस्तूंना राहायला राजकन्येचा वाडा मिळाला आणि आम्हाला ४७० फूट. असो.

भांड्यांची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाप्रीत्यर्थ आणि तारीख. त्यामुळे वाटप करताना भांडंच सांगतं मी कुणाकडून आलो ते. पाच डब्यांवर तर आमचं नावच नव्हतं. शेजारपाजारचे डबे, कधीतरी लाडू-चकल्या घालून आलेले आणि आमच्याकडेच राहिलेले. आई लाजेने अर्धमेली झाली. पण तिने ते घासून-पुसून, प्रत्येकात थोडा चिवडा घालून घरोघर परत केले. एका काकूंनी आमचे दोन डबे काढून दिले. म्हणजे हिशोब जवळजवळ बरोबरच होता.

कागदांच्या बाबतीत घाई करू नका, हे मी हात जोडून सांगते. बाबांच्या ट्रंकेत १९९० च्या दशकातली शेअरची तीन सर्टिफिकेटं निघाली. रद्दीच्या गठ्ठ्यात जाता जाता वाचली. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतलाच नसेल तर ते सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात, पण अर्ज करून परत मागता येतात. बँकेतल्या जुन्या ठेवींचंही तसंच. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ती मालकाचीच राहते. ‘उद्गम’ नावाच्या पोर्टलवर आजोबांच्या नावाने शोधून बघा. आमच्या हाती लागलेली रक्कम फार मोठी नव्हती, पण पॅकर्सचं बिल त्यातून निघालं.

त्याच ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचे मोडी लिपीतले चार-पाच कागद होते. घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. म्हणून टाकायचे का? बाबा म्हणाले, वाणसामानाची यादीही असेल. असेलही. पण इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावी लोकांच्या घरी जाऊन दप्तरं धुंडाळली नसती, तर त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड आले असते कुठून? आणि आमच्या म्हैसूरचीच गोष्ट घ्या. तंजावरकडच्या एका पंडिताने आपल्याजवळची ताडपत्रांची पोथी इथल्या सरकारी ओरिएंटल लायब्ररीत आणून दिली, आर. शामशास्त्री यांनी ती वाचली, आणि हरवलेलं मानलं गेलेलं कौटिल्याचं अर्थशास्त्र १९०९ मध्ये छापून निघालं. आमच्या पणजोबांनी अर्थशास्त्र लिहिलेलं नाही, याची मला खात्री आहे. तरी ते कागद एका फाइलमध्ये घालून ठेवलेत. फाइलला जागा लागते किती?

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते. मघापासून टाळत होते, खरं तर.

मी लिहिलेल्या त्या वीस लेखांत एक नियम ठरलेला असायचा: जी वस्तू वर्षभर वापरली नाही, ती काढून टाका. वाचायला सोपा, लिहायला त्याहून सोपा. हा नियम घेऊन मी माळ्यावर चढले आणि पहिल्या तासातच अडखळले. अनारशाची कढई वर्षातून एकदा खाली उतरते. गणपतीचं मखर दहा दिवस. आकाशकंदिलाचा सांगाडा पाच दिवस. आईचा शालू तर कुणाच्या लग्नाला. आपल्या घरातल्या कितीतरी वस्तूंचा वापर दिवसांत मोजायचा नसतोच, तो पंचांगात बघायचा असतो. हा नियम लिहिणाऱ्यांच्या घरी नवरात्र नसावं. (मी अर्थात त्यांच्यातलीच एक.)

आणि आमच्या घरात नवरात्राच्या होत्या चार ट्रंका. आत चौऱ्याण्णव बाहुल्या.

बेळगावकडे आमच्या घरी घट बसायचे, बाहुल्या नव्हत्या. म्हैसूरचा दसरा वेगळा. इथे घरोघर नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, ‘गोंबे हब्बा’ म्हणजे बाहुल्यांचा सण. पायऱ्या नेहमी विषम, तीन, पाच, सात, नऊ. सगळ्यांत मानाची राजा-राणीची लाकडी जोडी, ‘पट्टद गोंबे’, लग्नात आई ती मुलीला देते. आम्ही आल्यावर दुसऱ्याच वर्षी समोरच्या अज्जींनी आमचं रिकामं दिवाणखान्याचं टेबल बघून आजीला विचारलं, “गोंबे इल्लदे दसरा हेगे?” बाहुल्यांशिवाय दसरा कसा? आजीला तेव्हा कन्नड बेताचंच यायचं (बेळगावचं कन्नड आणि म्हैसूरचं कन्नड यांत केवढं अंतर आहे, ते तिला विचारा), पण एवढं कळलं. अज्जींनी आपल्याकडची एक जुनी राजा-राणीची जोडी तिच्या ओटीत घातली. त्यांना मुलगी नव्हती.

दरवर्षी एक तरी नवी बाहुली आणायची अशी इथली रीत. त्यामुळे संग्रह कमी होत नाही, वाढतच जातो. शेट आणि शेटाणीची जोडी, पुढ्यात इवल्या इवल्या धान्याच्या राशी. लग्नाची पंगत. चन्नपट्टणची लाकडी बैलगाडी. २०११ मध्ये वर्ल्ड कप जिंकल्यावर दादाने हट्टाने आणलेली क्रिकेटची टीम. आजी प्रत्येक बाहुली धोतराच्या चिंधीत आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळायची. आणि पायऱ्या कशाच्या? त्याच चार ट्रंका, वर फळ्या, शेवटी पांढरं धोतर. म्हणजे बाहुल्यांचं घर आणि बाहुल्यांचा राजवाडा एकच.

ट्रंका नव्या घरात मावणार नव्हत्या, हे टेपने सांगितलं होतं. एका दुपारी आजी झोपलेली असताना मी बाहुल्या काढून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरल्या. नीट भरल्या, एकीचाही टवका उडू दिला नाही. रिकाम्या ट्रंका गुजरीवाल्याला दिल्या. गुजरी म्हणजे इकडे भंगार. तीनशे ऐंशी रुपये आले. मी खूश. संध्याकाळी आजीला सांगितलं, “बघ, तुझ्या बाहुल्या सगळ्या सुखरूप. फक्त पत्र्याच्या ट्रंका गेल्या.”

आजी म्हणाली, “मधल्या ट्रंकेचं झाकण?”

झाकणाच्या आतल्या बाजूला तिने कागद चिकटवलेले होते. वीस वर्षांची यादी. कुठली बाहुली कुणी दिली, कधी, कुठल्या पायरीवर कुणाशेजारी बसते. भांड्यांवर नाव घालता येतं, मातीच्या बाहुलीवर कुठे घालणार? म्हणून झाकणावर. मी ती ट्रंक पूर्ण उघडून, झाकण मागे टाकून भरली-उपसली होती. वर बघितलंच नव्हतं. जे झाकण बाकीचे सगळे दिवस अंधारात असतं, त्याच्या आत काही लिहिलेलं असेल हे सुचायला हवं होतं, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गुजरीवर हजर. तो बिचारा भला माणूस. पत्रा रात्रीच चेपून ट्रकमध्ये गेला होता. त्याने पैसे घ्यायलाही नकार दिला, वर मला चहा पाजला. आजी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, “हातानं लिवलेलं होतं गं.” आणि दोन दिवस खोक्यांकडे फिरकली नाही.

जगभर आवराआवरीवर भरपूर पुस्तकं आहेत. जपानच्या मारी कोंडो सांगतात, वस्तू हातात घ्या आणि आनंद होतो का बघा. (तिसऱ्या बाळानंतर आपलं घर पूर्वीसारखं आवरलेलं राहत नाही, असं त्यांनीच २०२३ मध्ये सांगितलं, तेव्हा कितीतरी आयांना हायसं वाटलं असेल.) मी हे आजीवर करून बघितलं होतं. ती म्हणाली, “अगं, तवा हाय तो. त्यात आनंद कसला बघतीस?” स्वीडनच्या मार्गारेटा मॅग्नुसन यांच्या २०१७ च्या पुस्तकातला विचार मला जास्त पटतो. आपल्यामागे मुलाबाळांना निस्तरत बसायला लागू नये, म्हणून आपल्या वस्तूंची वाट आपणच, हातीपायी धड असताना लावायची. लक्षात घ्या, आपणच. नातीने दुपारी झोपेत नव्हे.

तिसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली, खोकं आजीच्या पलंगाशी नेलं आणि एक बाहुली तिच्या हातात दिली. “ही कुणाची?”

सांगायला लागली, आणि मग थांबेना. ढोलवाला भाजीवाल्या बाईने दिलेला, तिच्या मुलाला नोकरी लागली त्या वर्षीचा. पाळणा आत्याच्या पहिल्या बाळंतपणातला. बासरीवाला कृष्ण आजीने स्वतः विकत घेतला, आजोबा गेले त्या वर्षी, सण करायचा नव्हता तरी. हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. झाकणावर नुसतं ‘कृष्ण, स्वतः’ एवढंच लिहिलेलं असणार. चार संध्याकाळी आम्ही बसलो. रोज एकच तास, कारण त्यानंतर ती दमते आणि दमली की ‘टाका सगळं’ म्हणते. घरात वयस्कर माणूस असेल तर हे ध्यानात ठेवा. दमलेल्या माणसाचं ‘टाका’ खरं धरू नका, सकाळी पुन्हा विचारा. आमचा घोटाळा असा की सुरुवातच आम्ही तीन आठवडे आधी केली. तीन महिने हवे होते.

चौऱ्याण्णवपैकी एकाहत्तर तिला आठवल्या. तेवीस नाही आठवल्या. ती चूक तिच्या आठवणीची नाही, माझी आहे, आणि ती भरून येणारी नाही.

वाटपाचा नियम मग आजीनेच ठरवला. ज्या घरातून आली, आधी त्या घरी विचारायचं. बाहुल्या घेऊन मी आणि बाबा स्कूटरवरून आठ-दहा घरं फिरलो. भाजीवाल्या बाईंची सून ढोलवाल्याला छातीशी धरून उभी राहिली. अज्जी आता नाहीत. त्यांच्या नातेवाइकांनी राजा-राणी परत घ्यायला नकार दिला, ती जोडी तुमचीच म्हणाले. बंगळूरला राहणाऱ्या एका ताईंनी मात्र कळवलं की जागा नाही, फोटो पाठव, पुरे. आधी मला राग आला. मग आपली स्वतःची जागा आठवली आणि मी चांगल्या उजेडात चार फोटो काढून पाठवले. पंगत आणि क्रिकेटची टीम जवळच्या एका बालवाडीत दिली. टीमचा विकेटकीपर मात्र दादाने फोनवरून मागून ठेवून घेतला. उरल्या एकतीस, त्यांत त्या तेवीसही आल्या. ‘ज्यांचं घर ठाऊक नाही त्यांना कुठं पाठवतीस?’ असं आजीचं म्हणणं.

दसऱ्याला फ्लॅटमध्ये पायऱ्या मांडल्या, तीनच. चपलांचं कपाट स्वच्छ पुसून, त्यावर फळी, बाजूला पुस्तकांची दोन खोकी, वर तेच धोतर. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायला आडवं होऊन जावं लागत होतं. मजल्यावरच्या बायका हळदीकुंकवाला आल्या, त्या सगळ्या एका वेळी आत मावेनात, म्हणून दोन तुकड्या केल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी जाताना कागदात गुंडाळलेलं काहीतरी आजीच्या हातात ठेवलं. मातीचा पोपट होता, हिरवागार, लाल चोचीचा.

मी आईकडे बघितलं, आईने छताकडे बघितलं. आजीने पोपट उलटासुलटा करून बघितला, शेट-शेटाणीच्या मध्ये धान्याच्या राशींजवळ ठेवला आणि मला म्हणाली, “वही आण. आणि आज तारीख कितवी?”